कुस्ती बघायला कसे शिकावे?



आज मी तुमच्याशी कुस्तीविषयी बोलणार आहे. ती खेळावी कशी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घराण्यात हौद्याची माती कुणाच्या अंगाला लागल्याचे ऐकिवात नाही, आणि आता चाळिशी उलटल्यावर ती लागण्याची शक्यताही नाही. माझा विषय आहे बघणाऱ्याचा. कुस्ती बघायची कशी, आणि ज्याने ती नीट बघितलीच नाही त्याने सुरुवात कुठून करायची, एवढेच आज सांगायचे आहे.

हा विषय सुचला तो पालममधल्या काही विद्यार्थ्यांमुळे. हल्ली मुलांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यात सगळ्या जगाची जत्रा भरलेली असते. ही पोरे त्यावर जपानची कुस्ती बघत होती. दोरांनी बांधलेला चौकोनी मंच, त्यावर रंगीत चड्ड्या घातलेले दोन धिप्पाड गडी, एक जण दुसऱ्याला डोक्यावर उचलून आपटतो आहे आणि तो पुन्हा उठून उभा राहतो आहे. त्यातल्या एकाने मला विचारले, "सर, हे खरं असतं का खोटं?" मी त्याला उलट विचारले, "माळेगावच्या जत्रेतली कुस्ती तू बघितलीस ना? ती खरी होती का खोटी?" तो म्हणाला, "ती तर खरीच असते की!" "कशावरून?" असे विचारल्यावर मात्र पोरगा गप्प झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रश्न जपानचा नाही. प्रश्न आपल्या डोळ्यांचा आहे.

पण पोराने विचारलेच आहे, तर आधी जपानचे सांगतो. जपानची जुनी कुस्ती म्हणजे सुमो. चिकणमातीचा उंचवटा, त्यावर गवताच्या दोराने आखलेले वर्तुळ, आणि सुरू होण्याआधी मूठभर मीठ फेकून जागा शुद्ध करायची. आपल्याकडे मातीला उदबत्ती लावतात, तसेच ते. या सुमोमधून एक मल्ल बाहेर पडला. त्याचे नाव रिकिदोझान. जन्माने तो कोरियाचा. पण ही गोष्ट त्याने जपानी लोकांपासून लपवून ठेवली होती. १९५० साली त्याने सुमो सोडला, अमेरिकन पद्धतीची मंचावरची कुस्ती शिकून घेतली, आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये टोकियोत शार्प बंधू नावाच्या दोन गोऱ्या पैलवानांशी जोडीची कुस्ती लावली. जपान महायुद्धात हरून नऊ वर्षेही झाली नव्हती. दूरचित्रवाणी नुकतीच सुरू झाली होती आणि तो संच घरी घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. म्हणून चौकाचौकात संच मांडून ठेवले होते. त्यांच्यापुढे हजारो माणसे उभी राहिली. रिकिदोझान तळहाताच्या कडेने त्या गोऱ्या पैलवानाच्या छातीवर तडाखा हाणी आणि चौकातली माणसे आनंदाने ओरडत. मौज अशी की हे शार्प बंधू मूळचे कॅनडाचे. पण चौकातल्या माणसाला ते अमेरिकनच वाटत होते, आणि तेवढे त्याला पुरेसे होते.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना याच काळातली एक आठवण असेल. मुंबईला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्री स्टाइल' कुस्त्या होत. त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत आणि गावोगावचे लोक त्यांच्याविषयी पारावर वाद घालीत. हाच हंगेरीचा किंगकाँग १९५५ साली टोकियोत रिकिदोझानशी लढला आणि हरला. म्हणजे वरळीचा खेळ आणि टोकियोचा खेळ एकाच झाडाची फळे. १९६३ च्या डिसेंबरात रिकिदोझानला एका गुंडाने सुरा मारला आणि त्यातच तो गेला. त्याचे दोन चेले पुढे मोठे झाले. एक जायंट बाबा, हा आधी बेसबॉल खेळत असे. दुसरा अँटोनियो इनोकी, याचे पोरपण ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यात गेले. १९७२ साली दोघांनी दोन वेगळ्या संस्था काढल्या आणि त्या आजही चालू आहेत. इनोकीने १९७६ साली मुष्टियोद्धा महंमद अली याच्याशी सामना केला. त्यात तो बहुतेक वेळ उताणा पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला! बघायला आलेले लोक चिडले. त्याच वर्षी तो कराचीला जाऊन गामा पैलवानाच्या घराण्यातल्या अक्रमशीही लढला.

आता त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर. जपानच्या या मंचावरच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते. मग ती खोटी म्हणायची का? आपण तमाशाचा वग बघतो. त्यातला राजा खरा राजा नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते, आणि कुणी उठून "हा लबाड आहे" असे ओरडत नाही. राजाचे बोलणे रंगले की नाही एवढेच आपण बघतो. जपानच्या रसिकाचे तसेच आहे. निकाल ठरलेला असला तरी पडणे खोटे नसते. उंचावरून पाठीवर आदळायचे, मान वाचवायची आणि आपल्याला आपटणाऱ्यालाही सांभाळून घ्यायचे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. ज्युडोमध्ये तिला 'उकेमी' म्हणतात. नवशिक्या मल्लाला आधी पडायला शिकवतात, मग पाडायला.

आणि तिथला जाणता रसिक सुरुवात कुठून करतो? सगळ्यात शेवटच्या, मोठ्या पट्ट्याच्या लढतीपासून नव्हे. कार्यक्रमाच्या आरंभी दोन शिकाऊ पोरे लढतात. साधी काळी चड्डी, अंगावर काही झगमग नाही, उड्या मारायची परवानगी नाही. ही पोरे संस्थेच्या तालमीत राहतात, स्वयंपाक करतात, झाडलोट करतात, मोठ्यांची सेवा करतात. रसिक त्यांतला एक पोरगा डोळ्यांत धरतो आणि वर्षानुवर्षे त्याच्या मागे राहतो. पोरगा पहिल्या वर्षी सगळ्या लढती हरतो. मग केव्हातरी एक जिंकतो. त्या दिवशी त्या रसिकाला जो आनंद होतो, तो फक्त शेवटची लढत बघायला आलेल्या माणसाला कळायचा नाही.

आणखी एक सांगतो, ते ऐकून तुम्हाला बरे वाटेल. ही शिकाऊ पोरे तालमीत रोज शेकड्यांनी बैठका मारतात, आणि त्या बैठकांना तिकडे नाव आहे 'हिंदू स्क्वॉट'. जपानी मल्लांची एक पिढी घडवणारा कार्ल गॉच नावाचा बेल्जियमचा वस्ताद होता. जोर, बैठका आणि करेल फिरवणे यांवर त्याची फार श्रद्धा होती. म्हणजे आमच्या गावची पोरे मोबाइलवर टोकियोचे दंड बघून थक्क होतात, आणि ते दंड घडले आहेत आपल्या आज्या-पणज्यांच्या मेहनतीच्या प्रकारांनी.

तर आता आपल्या फडाकडे येऊ. पालमहून लोह्याकडे गेले की माळेगाव काही फार दूर नाही. मार्गशीर्ष सरता सरता तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लावणीचे फड, आणि त्यातच कुस्त्यांची दंगल. आपल्या भागात अशा दंगली लहानमोठ्या जत्रांतून अजून होतात. नवख्या माणसाने जायचे ते इथेच. वर्तमानपत्रात ज्याचे छायाचित्र येते ती शेवटची मोठी कुस्ती असते, आणि लोकही तीच बघायला संध्याकाळी जमतात. माझे म्हणणे, तुम्ही दुपारीच जा. दुपारी पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर आणि नारळावर. आठ-दहा वर्षांची पोरे, लंगोट नीट बसलेला नाही, पण शड्डू असा ठोकतात की हसू येते. या कुस्त्यांत डाव उघडे दिसतात. मोठ्या पैलवानाचा डाव इतक्या वेगाने होतो की नवख्याला तो दिसतच नाही. त्याला फक्त पडलेला माणूस दिसतो.

जोड लावणे हाही बघण्यासारखा प्रकार असतो. पंच एखाद्या गड्याचा हात धरून त्याला फडाभोवती फिरवतो आणि विचारतो, "याला जोड आहे का कुणी?" गर्दीतून एक जण उठतो, सदरा काढतो. दोघांना शेजारी उभे करतात, हाताला हात लावून बघतात, उंची बघतात, मांड्या बघतात. वजनाचा काटा तिथे नसतो. पण त्या म्हाताऱ्या पंचांची नजर सहसा चुकत नाही. जोड बरोबरीची लागली की जाणती माणसे "आता काटा कुस्ती" म्हणतात आणि मांडी बदलून बसतात. इनाम किती, यापेक्षा जोड कशी लागली यावर त्या कुस्तीचे भवितव्य ठरते.

मग सलामी होते. दोघे हात मिळवतात, माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावतात. ही माती नुसती माती नाही. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले असते, म्हणून ती मऊ राहते आणि खरचटले तर चिघळत नाही. अंगाला माती लावायची ती घामाने हात निसटू नये म्हणून. यानंतर जी झटापट चालते तिला खडाखडी म्हणतात, आणि इथेच नवखा माणूस कंटाळतो. त्याला वाटते की दोघे नुसते ढकलाढकली करताहेत. तो मागून ओरडतो, "लावा की कुस्ती!" अहो, कुस्ती लागलेलीच असते. तुम्ही पायांकडे बघा. कोणता पाय पुढे आहे? पुढचा पाय म्हणजे शत्रूला दिलेले दार. ज्याचा पाय सतत पुढे राहतो, त्याचा पट निघणार, हे तुम्ही दोन मिनिटे आधी सांगू शकाल. मग मानेकडे बघा. कुणाचा हात कुणाच्या मानेवर जड होतो आहे? मान खाली गेली की पाठ वाकते, पाठ वाकली की दम जातो. आणि छातीकडे बघा. तोंड उघडून श्वास घेणारा पैलवान निम्मा हरलेला असतो.

पट निघाला, एक गडी खाली गेला, की गर्दी उसळते. पण कुस्ती संपलेली नसते. खालचा पैलवान पोटावर सपाट होतो, कोपरे अंगाशी घेतो आणि मातीला चिकटून राहतो. लोक म्हणतात, "निजला की हा!" तो निजलेला नसतो, तो वाट बघत असतो. वरच्याला आता त्याला उलटा करायचा आहे. पायांत पाय अडकवून तो सवारी भरेल, लंगोटाला धरून घिस्सा ओढेल, मानेवर गुडघा देऊन घुटना टाकील. प्रत्येक डावाला खालच्याचा तोड असतो, आणि वरच्याने एक हात जरा ढिला सोडला की खालचा सुळकन निघून मागे जातो. उभ्या कुस्तीत ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डोळ्यांत भरणारे डाव. धोबी कपडा खांद्यावरून दगडावर आपटतो तसा माणूस आपटायचा म्हणजे धोबीपछाड. नावातच सगळे आले. मला विचाराल तर जमिनीवरची कुस्ती अधिक गोड. ती समजायला मात्र वर्ष-दोन वर्षे जातात.

निकाल कसा लागतो, हेही नवख्याने समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे आता दोन प्रकारच्या कुस्त्या चालतात. जत्रेतल्या मातीवर निकाल एकच: चीतपट. दोन्ही खांदे मातीला टेकले पाहिजेत. यासाठी बसायचे ते फडाच्या कडेला, जमिनीच्या पातळीवर. झाडावर किंवा टपावर बसलेल्याला पाठ दिसते, खांदा दिसत नाही. आणि नेमके तेच लोक पंचांशी भांडायला पुढे असतात. गादीवरच्या कुस्तीत मात्र गुण असतात. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटले तर एक गुण, खाली घेऊन मागून ताबा मिळवला तर दोन, पाठ जमिनीकडे करून धोक्यात टाकले तर दोन, उभ्याने फेकून तसे केले तर चार. एखाद्याने दहा गुणांची आघाडी घेतली की कुस्ती तिथेच थांबवतात.

हे आकडे माहीत नसले की काय होते, ते जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला कोथरूडच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत दिसले. माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची कुस्ती झाली. गायकवाडांनी बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. ती टांग चार गुणांची होती का, खांदा धोक्यात गेला होता का, यावर अख्खा महाराष्ट्र कित्येक दिवस भांडला. ती चित्रफीत बघितली नाही असा माणूस आमच्या भागात सापडणे कठीण होते. पण भांडणाऱ्यांपैकी चार गुण कशासाठी देतात हे किती जणांना सांगता आले असते? शिक्षक बंधूंना मी सुचवीन की हीच चित्रफीत वर्गात लावा. एकदा भरभर, एकदा हळूहळू. मग मुलांनाच पंच करा आणि प्रत्येकाकडून कारण मागा. नियम वाचणे, नीट पाहणे आणि आपले मत कारणासह मांडणे, या तीन गोष्टी भाषेच्या तासालाही आपण शिकवतोच ना?

जपानचा विषय काढला आहे म्हणून एक जुनी कुस्ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५२ चे हेलसिंकीचे ऑलिंपिक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटम वजनात उतरले होते. १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते. पण तिथे त्यांना गादीची ओळख नव्हती, सगळा सराव मातीवरचा. हेलसिंकीत त्यांची गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. हा इशी मूळचा ज्युडोचा. युद्धानंतर दोस्त सैन्याने जपानात ज्युडोवर बंदी घातली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. दोघांची कुस्ती लांबली, आणि खाशाबा थोडक्यात हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल ममेदबेयोव याच्याशी लढायला बोलावले गेले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा पुन्हा गादीवर गेले आणि हरले. त्यांना कांस्यपदक मिळाले, ममेदबेयोवला रौप्य आणि इशीला सुवर्ण. युद्धानंतर जपानला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण; आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

या कहाणीत एक माणूस असा आहे की ज्याने एकही डाव टाकला नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर. खाशाबा त्यांचे विद्यार्थी. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. सात हजार, १९५२ साली! पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून ते कर्ज फेडले. मी स्वतः महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट आठवली की थोडा अस्वस्थ होतो. मल्लाच्या मागे उभा राहणारा माणूस असा असतो. आपल्यापैकी कुणाला घर गहाण टाकावे लागणार नाही. पण आपल्या वर्गात लंगोट बांधणारा कोण आहे, त्याला घरी दूध मिळते का, एवढे तरी ठाऊक असावे.

कोणी म्हणेल, खाशाबा साताऱ्याचे, तालमी कोल्हापूरच्या. आपल्या मराठवाड्याचे यात काय? तर ऐका. महाराष्ट्र केसरी हा किताब पहिल्यांदा लागला तो १९६१ साली, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. दिनकर दह्यारी त्याचे पहिले मानकरी. आणि लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे तर आपलेच. १९६९ ला महाराष्ट्र केसरी, १९७० ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांची गाठ दिल्लीच्या सतपालशी पडली. सतपाल त्या वेळी ऐन भरात होता, आणि महाराष्ट्रातल्या भल्याभल्यांना त्याने हात टेकायला लावले होते. बिराजदारांनी त्याला हरवले. ती कुस्ती बघितलेली माणसे अजूनही तिच्याविषयी बोलू लागली की खुर्चीत बसून राहत नाहीत, उभे राहून हात करून दाखवतात. पुढे बिराजदार पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे तयार झाला. २०११ साली गुरू गेले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य राहुलने आणले. गुरू लातूरचा, चेला बीडचा. ही साखळी ज्याला ठाऊक आहे, तो राहुलची कुस्ती बघताना एकट्या राहुलला बघत नाही.

मुलींच्या कुस्तीलाही आता तसाच प्रेक्षक हवा आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. इथेही जपान आहेच. बायकांच्या कुस्तीत जपानचा दबदबा असा की काओरी इचो हिने लागोपाठ चार ऑलिंपिकांत सुवर्ण मिळवले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या विनेश फोगाटने जपानच्या युई सुसाकीला हरवले, तेव्हा आंतरराष्ट्रीय लढतीत सुसाकी तोवर कधीच हरलेली नव्हती. ती कुस्ती जरूर मिळवून बघा. जवळजवळ सगळा वेळ विनेश नुसती थोपवून धरते आहे, गुण जात आहेत, आणि बघणारा वैतागतो. शेवटच्या काही सेकंदांत ती एकच डाव करते. खडाखडी कशासाठी असते, हे ज्याला माझ्या बोलण्यातून पटले नसेल त्याला तिथे पटेल. दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम वजनापायी तिची अंतिम लढत गेली, तो भाग निराळा.

आता त्या खऱ्या-खोट्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर देतो. जपानचा मंचावरचा खेळ ठरलेला असतो. पण तिथे बघणारा फसत नाही, कारण त्याने ते मान्य करूनच तिकीट घेतलेले असते. फसवणूक होते ती आपल्या मातीवर, जेव्हा खरी म्हणून लावलेली कुस्ती आतून ठरलेली असते. हिला नुरा कुस्ती म्हणतात. इनाम मोठे, दोन नावाजलेले गडी. बाहेरच समझोता होतो, पंधरा मिनिटे खडाखडी दाखवायची आणि बरोबरीत सुटून पैसे वाटून घ्यायचे. मी एका जत्रेत अशी कुस्ती बघितली आहे. गावाचे नाव सांगत नाही. दोघांच्याही अंगावर घाम नव्हता! खऱ्या कुस्तीत पडणारा शेवटच्या क्षणापर्यंत मान फिरवत असतो, खांदा टेकू नये म्हणून पूल करतो. ठरलेल्या कुस्तीत पडणारा आधी पडायची जागा बघतो. खऱ्या डावाला समोरच्याचा तोल चुकावा लागतो. खोट्या डावात समोरचा स्वतःच उडी मारून मदत करतो. नजर बसली की हे ओळखायला पंचाची शिट्टी लागत नाही.

त्या दिवशी फडात हजारभर माणसे होती, आणि तरी बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी त्याच गड्यांना जास्त इनाम देऊन बोलावले. आणि त्याच फडात दुपारी जी खरी कुस्ती लागली, दोन कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पोरांची, तिला पाचशे रुपये. बघा, खुराकाला काय लागते? दूध, तूप, बदाम, अंडी, आणि रोज दोन वेळची मेहनत. घरात दोन लिटर दूध निघत असेल तर ते डेअरीला घालायचे की पोराला पाजायचे, हा सवाल आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत रोज उभा राहतो. त्या पोराच्या कुस्तीवर डोळा ठेवणारी दहा माणसे जरी फडात असती, तरी त्यांनी लोकवर्गणीच्या बैठकीत सांगितले असते की शेवटच्या कुस्तीचे इनाम कमी करा आणि मधल्या कुस्त्यांचे वाढवा. बैठकीत असे बोलायला कुस्ती कळावी लागते. न कळणारा माणूस मोठ्या नावालाच पैसे देतो.

जपानमध्ये मल्ल मंचावर आला की बघणारे रंगीत कागदी फिती फेकतात. आपल्याकडे फेटा बांधतात, जाणता माणूस उठून खिशातली शंभराची नोट पोराच्या हाती ठेवतो आणि निवेदक त्याचे नाव पुकारतो. ही चाल फार चांगली आहे. फक्त ती नोट शेवटच्या कुस्तीसाठी राखून ठेवू नका.

यंदाच्या जत्रेला गेलात तर एवढे करा. नारळाच्या कुस्त्या लागण्याआधी फडावर पोचा. हलगीवाल्याच्या समोरच्या बाजूला बसा. त्याच्या अगदी शेजारी बसलात तर संध्याकाळपर्यंत कान बधिर होतील. फडाला सावली नसते, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. शेजारी एखादा कान मोडलेला म्हातारा दिसला तर त्याच्याजवळ सरका. कान मोडलेला म्हणजे तो कधीकाळी खेळलेला आहे. त्याला बोलते करा, तो सगळे डाव नावानिशी सांगेल. आणि लहान पोरांपैकी एक निवडा. हरलेला असला तरी चालेल, किंबहुना हरलेलाच बरा. त्याचे नाव, गाव आणि वस्तादाचे नाव विचारून वहीत लिहून ठेवा. पुढच्या जत्रेत तो पुन्हा आला आहे का, आणि पुढचा पाय मागे घ्यायला शिकला आहे का, ते बघा.